उतार ते उतार : भीमाकाठचा रस्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला सातवीला भूगोल शिकवायचे. भीमेचा धडा आला की सगळ्या वर्गाला बाकांसकट फिरवून आग्नेयेकडे तोंड करून बसवायचे. नदी जिकडे जाते तिकडे तोंड करा, मग डाव्या हाताला डावा काठ आणि उजव्या हाताला उजवा. टेंभुर्णी डावीकडे, करकंब डावीकडे, पंढरपूर उजवीकडे, मंगळवेढा उजवीकडे. आपलं सोलापूर डाव्या अंगाला, पण नदीपासून चांगलंच लांब. बाक फिरवताना इतका गोंगाट व्हायचा की शेजारच्या वर्गातले मास्तर तक्रार घेऊन यायचे. पुढं मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली. कागदावर शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, गावोगावी मात्र शेवटपर्यंत ‘ओव्हरसियरसाहेब’च राहिलो. आजही भीमेचा नकाशा समोर आला की मनातल्या मनात मी आधी बाक फिरवतो.

आज बोलायचं आहे ते टेंभुर्णीहून निघून करकंबावरून नदी ओलांडून पंढरपुरात उतरणाऱ्या आणि तिथून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल. पुढं तो उमदीवरून विजापूरच्या दिशेला जातो. माझ्या नोकरीच्या काळात हा राज्यमार्ग होता, म्हणजे त्याच्या मैलाच्या दगडाचं डोकं हिरवं होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांच्या जाती ठरवल्या : राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण. जात हा शब्द मुद्दाम वापरला. एकदा लागली की निधी, रुंदी, डांबर, सगळं तिच्यावरून ठरतं. आमच्या एका मैलकुल्यानं रंगवताना एक दगड पत्र्यानं खरवडला होता. पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा चुना आणि चुन्याखाली छिन्नीनं कोरलेला मैलाचा आकडा निघाला. किलोमीटर आले, खाती बदलली, दगड तिथंच.

हा रस्ता भीमेच्या काठानं जातो असं आपण म्हणतो. नकाशावर ते खरंही दिसतं. पण टेंभुर्णीहून पंढरपूरला एसटीनं खिडकीशी बसून जा. चाळीसएक किलोमीटरांत तुम्हाला ऊस दिसेल, केळी दिसतील, द्राक्षांचे मांडव दिसतील, कारखान्याची धुराडी दिसतील. नदी दिसायची नाही. ती दिसते एकदम पंढरपूरच्या पुलावर. नदीकाठचा रस्ता आणि नदीच दिसत नाही, हे काय गौडबंगाल आहे, असा प्रश्न नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला पडला होता. त्याचं उत्तर पायाखालच्या मातीत आणि नदीच्या पात्रात निम्मं निम्मं आहे.

आधी माती. भीमेच्या दोन्ही काठांना जी काळी कसदार जमीन आहे, ती आपल्या जिल्ह्याची लक्ष्मी. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं आहे. मालदांडीचा प्रसिद्ध वाण आपल्या मोहोळच्या केंद्रातला. पावसाळा सरता सरता पेरायचं आणि पुढं आभाळाकडं बघायचंही नाही. जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ताट पुरुषभर वाढतं, माघात हुरडा होतो. ही ओल धरून ठेवायची ताकद त्या मातीतल्या चिकण कणांची. पाणी प्यायलं की ते फुगतात, सुकले की आक्रसतात. मंडळी, जी गोष्ट ज्वारीला अमृत आहे तीच रस्त्याला विष आहे. पावसाळ्यात काळी जमीन फुगते, वरचा रस्ता उचलते. उन्हाळ्यात ती फाटते. मी स्वतः वैशाखात एका भेगेत मोजमापाची काठी घातली होती, ती हातभर खाली गेली आणि वर काढताना अडकली. अशा जमिनीवर कितीही चांगलं डांबर टाका, दोन पावसाळ्यांत त्याची गोधडी होते. लोक म्हणतात, कंत्राटदारानं खाल्लं. खाल्लंही असेल. पण न खाता केलेला रस्तासुद्धा इथं उखडतो, हे मी शपथेवर सांगतो. खाली काळी उपसून मुरमाचा जाड थर दिला आणि दोन्ही अंगांना चर ठेवून पाणी लांब काढलं, तरच तो टिकतो. आणि चर म्हणाल तर शेतकरी दर नांगरटीला इंचाइंचानं बुजवत येतो. त्याचंही खरं आहे, त्याची जमीन आहे.

जुन्या लोकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांना बैलगाडीचा आस चिखलात बसला की कळायचं. म्हणून जुनी वाट नदीला धरून चाललीच नाही. ती काळी सोडून माळाच्या कडेनं, मुरमाड पट्ट्यानं गेली. गाव नदीवर, पिण्याला पाणी नदीचं, आणि वाट मात्र गावाच्या पाठीमागून, उंचावरून. शिवाय भीमा सरळ वाहत नाही. आपल्या सपाट मुलखात तिला घाई नाही, ती वळणं घेत जाते. पंढरपुरापाशी तर ती चंद्रकोरीसारखी वळली म्हणून चंद्रभागा झाली. हे प्रत्येक वळण धरून चालायचं ठरवलं तर दिवसाची मजल दोन दिवसांची होईल. वाट वळणाची दोरी धरून जाते, धनुष्य धरून नाही.

मग वाट नदीकडं येते कधी? ओलांडायची असते तेव्हा. आणि ओलांडायची कुठं, हे वाट ठरवत नाही, नदी ठरवते. जिथं पात्र रुंद, तळ खडकाळ, पाणी गुडघ्याएवढं आणि दोन्ही दरडी गाडी उतरेल इतपत सावकाश, ती जागा म्हणजे उतार. ‘नदीला उतार झाला’ असं आपल्याकडं म्हणत, म्हणजे पाणी ओसरून पायी पलीकडं जाता यायला लागलं. आज हा शब्द फक्त ‘घाटाचा उतार’ आणि ‘आजाराला उतार’ एवढ्यापुरता उरला आहे. पण माझ्या मते भीमाकाठच्या सगळ्या रस्त्यांचा इतिहास या एका शब्दात आहे. गाव ते गाव रस्ता झाला असं समजू नका. उतार ते उतार वाट झाली आणि गावं तिला येऊन चिकटली.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या वारीत आहे, आणि तो समोर असून आपल्याला दिसत नाही. गुरुजींच्या वर्गासारखे बाक फिरवा आणि पालख्यांचे मार्ग बघा. माउलींची पालखी आळंदी, पुणे, सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असं करत वाखरीला येते. तुकोबांची पालखी, जिची परंपरा १६८५ पासूनची, देहूहून पुणे, पाटस, बारामती, इंदापूर, सराटी, अकलूज अशी येऊन वाखरीलाच मिळते. आषाढाचा महिना, नदीला कधी लोंढा येईल नेम नाही. आणि या दोन्ही पालख्या भीमा एकदाही ओलांडत नाहीत! सगळी वाट उजव्या काठाच्या बाजूनं. मध्ये आडवी येते ती नीरा, तिचं तर स्नान म्हणून कौतुक होतं. लाखो माणसांना भर पावसाळ्यात पंढरपूरला पोचवायचं आणि भीमेत पाय घालायला लावायचा नाही, असा हा मार्ग. कुणी आखला? कुणीच नाही. शेकडो वर्षं ज्यांच्या बायकापोरांना चालत जायचं होतं त्यांच्या पायांनी आखला. उलट डाव्या काठाकडून येणाऱ्यांना, म्हणजे पैठणहून येणारी नाथांची पालखी असो की शेगावहून सोलापूर करून येणारे गजानन महाराजांचे वारकरी असोत, भीमा ओलांडल्याशिवाय विठोबा नाही. त्यांच्यासाठी होती कोळ्यांची नाव, आणि नावेच्या आधी भोपळ्यांची सांगड.

पंढरपूर आणि मंगळवेढा हे एकाच काठावर आहेत, याकडंही लक्ष द्या. मधे माण नदी आडवी येते, ती सरकोलीजवळ भीमेला मिळते, पण माण म्हणजे भीमा नव्हे. दामाजीपंत मंगळवेढ्याचे, कान्होपात्रा मंगळवेढ्याची, चोखोबांचा अंतही मंगळवेढ्यात. गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. साल १३३८ सांगतात. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली, ही परंपरा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी बांधकाम खात्याचा माणूस, माझ्या डोक्यात वेगळंच येतं. पंचवीस किलोमीटरांची ती वाट, बरोबर ते गाठोडं, आणि वाटेत माणेचा उतार. आज ज्या रस्त्यावर आपण चाळीस मिनिटांत जातो त्याच्यावरून गेलेलं याहून वजनदार ओझं मला माहीत नाही. पलीकडं पोचल्यावरही चोखोबांना जागा मिळाली ती दाराबाहेरच. दाराच्या आतली वाट त्यांच्या लोकांना खुली व्हायला १९४७ साल उजाडलं आणि साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. रस्त्यांच्या जातीचं मघाशी बोललो, त्याच्या पुढची ही गोष्ट आहे.

आता मंगळवेढ्याहून सोलापूरकडं वळू. इथं काठ बदलायचा म्हणजे पुन्हा उतार आला, आणि तो माचणूर-बेगमपूरला. उजवीकडं माचणूर, डावीकडं बेगमपूर. माचणूरला नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारी भुईकोट किल्ला. या जागेचं जुनं नाव ब्रह्मपुरी. १६९५ साली औरंगजेबानं इथं तळ दिला, नाव बदलून इस्लामपुरी केलं आणि १६९९ पर्यंत तो इथं राहिला. हिंदुस्थानच्या बादशहाची चार वर्षांची राजधानी म्हणजे आपल्या मंगळवेढा तालुक्यातलं एक खेडं, हे शाळेत कुणी ठासून सांगत नाही. समोरच्या काठावर बेगमपुरात कबर आहे ती त्याच्या मुलीची, असं सांगतात. त्यानं हीच जागा का निवडली? इतिहासकार दक्षिणेच्या मोहिमेची कारणं देतील, ती बरोबरच आहेत. पण माझ्यासारखा माणूस तिथं उभा राहिला की आधी दरड बघतो, मग तळ बघतो. दोन्ही काठांना फौज उतरवता येईल आणि काठ बदलता येईल अशी जागा या पट्ट्यात शोधायला गेलात तर फार सापडायच्या नाहीत. माझं अनुमान एवढंच की बादशहासुद्धा उतार बघूनच थांबला.

नदीनं मात्र बादशहा म्हणून त्याची गय केली नाही. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला पूर आला आणि छावणीची दाणादाण उडाली. पुढं १७०० च्या ऑक्टोबरात तो सांगोल्याजवळ खवासपूरला माणेच्या काठी होता. ज्या माणेला मी आत्ता ‘भीमा नव्हे’ म्हणून हिणवलं, तीच. एका रात्रीत तिला पाणी आलं, तंबूंत शिरलं, पळापळीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा निखळला आणि तो जन्माचा लंगडला. कोरडी दिसणारी नदी हीच खरी फसवी. आमच्या खात्यात नव्या पोराला पहिला धडा हाच द्यायला हवा.

इंग्रज आले आणि त्यांनी उतारांचं राज्य मोडायला सुरुवात केली. रेल्वे १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. डिकसळला भीमेवर दगडी पूल बांधला. गंमत बघा, रेल्वेनंही नदी आणि पंढरपूर दोघांनाही टाळलं आणि वरच्या माळानं कुर्डुवाडी गाठली. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा ‘बार्शी रोड’ होतं. म्हणजे जे गाव तिथं नाही त्याच्या रस्त्याचं नाव स्टेशनाला. पंढरीचा यात्रेकरू बार्शी रोडला उतरायचा आणि पुढं गाडी-टांगा करून नाहीतर पायी जायचा. बार्शी लाइटची छोटी गाडी १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९०६ ला पंढरपूरला पोचली, तोवर चाळीसेक वर्षं हीच तऱ्हा. त्या काळात कुर्डुवाडी-पंढरपूर वाटेवर जेवढी चाकं फिरली असतील तेवढी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या वाटेवर क्वचितच. दुष्काळांनीही रस्ते दिले. १८७६-७७ ला आणि पुन्हा १८९६ ला लोकांनी खडी फोडून पोटं भरली. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाताचे घट्टे अनेक रस्त्यांच्या तळाशी आहेत.

एवढं सगळं झालं तरी नदीचं पंचांग बदललं नव्हतं. आषाढ-श्रावणात लोंढा, दिवाळीनंतर उतार, चैत्र-वैशाखात वाळवंट. पात्रातून बैलगाड्या जायच्या, वाळूत कलिंगडं पिकायची. ते पंचांग बदललं उजनीनं.

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचा साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी दाराच्या खाली. तरी आपण ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणत तेही उपसतो, तो भाग वेगळा. धरणाच्या वरच्या अंगाला किती वाटा बुडाल्या! पळसदेवचं जुनं गाव गेलं. तिथलं पळसनाथाचं देऊळ पाणी खाली गेलं की वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. रेल्वेला मार्ग बदलावा लागला आणि डिकसळचा तो दगडी पूल रिकामा झाला. मग करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतल्या लोकांनी तो रस्त्याचा पूल म्हणून वापरायला घेतला. आगगाडीसाठी बांधलेल्या पुलावरून दीडशे वर्षांनी उसाच्या ट्रॉल्या गेल्या. अलीकडं त्याचं बांधकाम एका बाजूनं ढासळलं आणि जड वाहनं बंद करावी लागली. मला त्या पुलाचं वाईट वाटतं ते माणसाचं वाटावं तसं. त्यानं कुणाला दगा दिला नाही, आपणच त्याला निवृत्त होऊ दिलं नाही.

खालच्या अंगाला झालं ते जास्त गुंतागुंतीचं. वाळवंट व्हायच्या दिवसांत नदी वाहू लागली. सोलापूरला प्यायला पाणी हवं म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते पंढरपूर, माचणूर करत आठ-दहा दिवसांनी औजच्या बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून उपसून शहरात. तुमच्या-आमच्या नळाला येणारं पाणी त्या सगळ्या उतारांवरून येतं, किंवा उतार बुडवून येतं असं म्हणा. जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, फळ्या घातल्या की वर पाणी तुंबतं. उतार गेले. त्यांच्याऐवजी बंधाऱ्याच्या माथ्यावरून माणसं मोटारसायकली घालू लागली. तो रस्ता नाही, असं फलक सांगतो. पण माणूस शतकानुशतकं तिथंच नदी ओलांडत आलाय, त्याला फलक काय सांगणार?

पाणी आलं तसा ऊस आला, कारखाने आले. मघाच्या काळ्या मातीची आठवण ठेवा. पूर्वी ती चार महिने ओली आणि आठ महिने सुकत असे. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना बारा महिने पाटाचं पाणी. पायाच कायम ओला, आणि वरून हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. १९४३ च्या नागपूरकरांच्या हिशेबात हे वजन नव्हतं. मला कुणी विचारलं की रस्ता का खचला, तर मी उसाकडं बोट दाखवायचो. ते ऐकून पुढारी आणि शेतकरी दोघंही रागवायचे.

आता मी ज्याकरता हा विषय घेतला तिथं येतो. मंडळी, गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपले रस्ते रुंद झाले. पुणे-सोलापूर चौपदरी झाला. तो इंदापूर सोडल्यावर भीमानगरपाशी धरणाच्या पायथ्याशीच भीमा ओलांडतो. पालखीमार्गांची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली : दिवेघाट ते मोहोळ २२१ किलोमीटर आणि पाटस ते तोंडले-बोंडले १३० किलोमीटर. चांगलं झालं. वारकरी ट्रकच्या चाकाखाली जायचे दिवस ज्यांनी बघितलेत ते याला नावं ठेवणार नाहीत. जुने वड-लिंब गेले याची मात्र हळहळ आहे, आणि दुभाजकातल्या कण्हेरीच्या सावलीत कुणी बसू शकत नाही.

पण रुंदीबरोबर उंचीही आली. जुना रस्ता जमिनीलगत होता. ओढा आला की तिथं फरशी असायची. पाणी आलं की फरशीवरून जायचं, दोन तास माणसं थांबायची, पाणी ओसरलं की चालू लागायची. नवा रस्ता आठ-दहा फूट भरावावर. पुरात तो बुडत नाही हे खरं. मग पाणी जातं कुठं? त्याला जायला मोऱ्या पुरेशा नसतील तर तो रस्ता आडवा बांध होतो आणि वरच्या अंगाची वस्ती तळ्यात जाते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला तो आपण सगळ्यांनी बघितला. करमाळा, माढा, मोहोळची गावं पाण्यात, लांबोटीपाशी पुण्याचा महामार्ग बंद. पाऊस अफाट होता, वरच्या धरणांतून पाणी सुटलं होतं. सगळा दोष रस्त्यांवर टाकणं हा अडाणीपणा होईल. पण ज्या ज्या ठिकाणी पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ तुंबलं, तिथं जाऊन भरावातल्या मोऱ्या मोजा, एवढं मी म्हणतो.

हे बोलायचा मला अधिकार आहे, कारण हे पाप मी केलेलं आहे. गाव सांगत नाही, काम कुणाचं तेही सांगत नाही. एका रस्त्याच्या आराखड्यात तीन मोऱ्या होत्या. उन्हाळ्यात जागेवर गेलो तर तिसऱ्या मोरीच्या जागी ओढ्याचं नावनिशाण नाही, नुसतं नांगरलेलं रान. पैसे कमी पडत होते. वरून विचारणा झाली, ही एक वगळली तर चालेल का? मी बघून ‘चालेल’ असा शेरा लिहिला, सही केली. गावातला एक म्हातारा तिथं उभा होता. तो म्हणाला, साहेब, हितं पाणी येतंय. मी विचारलं, कधी आलं होतं? तो म्हणाला, माझ्या लग्नाच्या साली. मी हसलो. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाच्या सालासारखा पाऊस झाला. पाणी बरोबर तिथं आलं, भरावाला टेकून राहिलं आणि नऊ घरांत शिरलं. रात्री गावकऱ्यांनी कुदळी घेऊन रस्ता फोडला. सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून चौकशी लागली ती त्यांच्यावर. चौकशीत मी खरं सांगितलं, पण माझा शेरा फायलीत होता तसाच राहिला. नंतर तिथं मोरी झाली.

त्या म्हाताऱ्यापाशी जे होतं ते आमच्यापाशी नव्हतं. आमच्यापाशी पावसाची सरासरी होती. त्याच्यापाशी लग्नाचं साल होतं. पंढरपूरचा जुना दगडी पूल दर पुरात बुडतो आणि दर वेळी पाण्याखालून तसाच वर येतो. तो बुडाला की बातमी होते, पण तो वाहून गेला नाही ही बातमी कुणी देत नाही. बांधणाऱ्यानं नदीशी भांडण न करता तिला वरून जायची मुभा दिली होती. सगळीकडं असेच बुडणारे पूल बांधा असं मी म्हणत नाही. दवाखान्याला जायच्या रस्त्यावर दोन तास थांबायला सांगणं आज कुणाला चालणार नाही. पण जिथं रस्ता उंच करायचा तिथं नदीला विचारून करा. आणि नदीची साक्ष कागदावर नसते, भिंतींवर असते.

आपल्या जिल्ह्यात दगडावर लिहून ठेवायची परंपरा जुनी आहे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जो मराठी शिलालेख आहे तो शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा. आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो लोकांपुढं आणला. हजार वर्षं दोन नद्यांचे पूर त्याच्या उशाशी आले आणि गेले, तरी अक्षरं वाचता येतात. आणि पंढरपुरात १९५६ चा पूर कुठवर आला होता हे विचाराल तर म्हातारी माणसं अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ते हात आहेत तोवर ठीक आहे.

म्हणून शेवटी एवढीच विनंती. इथं भीमा-सीनाकाठच्या गावांतले पुष्कळ लोक आलेले दिसतात. घरी गेल्यावर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, देवळाच्या, शाळेच्या, चावडीच्या भिंतीशी न्या आणि पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. तिथं रेघ मारा. खडूनं नको, कोळशानं नको, तेलरंगानं. रेघेच्या वर साल लिहा, जमल्यास तारीख. उद्या रस्त्याचं माप घ्यायला कुणी साहेब आला की त्याला चहा द्यायच्या आधी त्या भिंतीशी उभा करा.